लवंगेच्या पाल्याचा धूर

बू विविन सुहाएनी आणि मी, आमची ओळख एका फुटलेल्या कंडेन्सरमुळे झाली. शहाऐंशी सालची गोष्ट. बांडुंगच्या आमच्या संशोधन संस्थेत मी काचकामाला नुकताच लागलो होतो. तडकलेल्या नळ्या जोडायच्या, नव्या फुंकून द्यायच्या, एवढंच काम. एक दिवस एक ठेंगणी बाई कंडेन्सरचे, म्हणजे वाफ गार करायच्या काचेच्या नळीचे, दोन तुकडे घेऊन माझ्या टेबलापाशी आली. अंगाला लवंगेचा असा वास, की मला वाटलं हिची दाढ ठणकते आहे.

"दाढ दुखतेय का, बू?" मी विचारलं. आमच्याकडे मानाच्या बाईला बू म्हणतात. त्या तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, पण अंगात पांढरा कोट होता.

"दाढ शाबूत आहे. हे मोडलंय. आज होईल?"

"परवा होईल."

"माझं तेल परवापर्यंत थांबणार नाही, कांग."

"तेलाला कुठे गाडी पकडायची आहे?"

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या आणि नळी जोडून हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. मी साधा काचवाला, पण त्या मला पहिल्या दिवसापासून कांग एंतिस म्हणाल्या. कांग म्हणजे दादा. संस्थेतल्या बाकीच्या डॉक्टर लोकांना माझं नाव कळायला वर्ष गेलं.

त्या सुमेदांगच्या वरच्या डोंगरातल्या. त्यांचे वडील, आबाह, लवंगेच्या झाडांखाली गळून पडलेला पाला गोळा करून त्याचं तेल काढायचे. झाडावरच्या कळ्या मालकाच्या, खाली पडलेला पाला उचलणाऱ्याचा, असा तिथला रिवाज. दोन माणसं आत उभी राहतील एवढं लोखंडी पिंप, खाली जाळ, वरून निघालेली नळी ओढ्याच्या पाण्यातून नेलेली. विविन सहा-सात वर्षांच्या असताना त्यांनी आबाहना विचारलं होतं, की आईच्या कढईतलं तेल पाण्यावर तरंगतं, मग आपलं तेल पाण्याच्या तळाशी का जातं? आबाह म्हणाले, आपलं तेल गरीब आहे, ते खालीच बसतं. पोरीला हे उत्तर पटलं नाही. तिथून शाळा, शाळेतून बांडुंग, आणि मग सगळं आयुष्य. हे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही आबाहची चेष्टा करत.

त्यांचे गुरू होते पाक सुक्माना. मानाच्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा शर्ट. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे स्वयंपाक आहे, फक्त चाखायचं नाही, असं वर्गात सांगायचे. लवंगतेलातला मुख्य पदार्थ घ्यायचा, त्याच्या रेणूला इकडे एक शेपटी जोडायची, तिकडची एक काढायची, आणि झाकणभर डिझेलमध्ये टाकल्यावर इंजिनाचा काळा धूर कमी होतो का ते बघायचं, ही कल्पना त्यांची. करणाऱ्या मात्र विविन. सोळा पदार्थ झाले आणि वाया गेले. एकाने डिझेलचा साका झाला, एकाने रबरी नळ्या फुगल्या. सतराव्याच्या वेळी त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं.

भावाचं नाव आआंग. तो बांडुंग ते सुमेदांग डिझेलची मिनीबस चालवायचा. गोल चेहरा, ओठाच्या कोपऱ्यात लवंग घातलेली सिगारेट, आणि तोंड सतत चालू. येताना बांबूच्या टोपलीत सुमेदांगचा गरम तळलेला टोफू आणि हिरव्या मिरच्या घेऊन यायचाच.

"तेह," तो बहिणीला म्हणाला, "गाडी बंद पडली तर प्रवासी तुझ्या पाठीवरून नेईन हं." तेह म्हणजे ताई.

संस्थेच्या आवारात गाडी उभी केली. मी धुराड्यासमोर पांढरं फडकं धरलं. आआंगने गाडी जागेवरच जोरात रेटली. फडकं कोळशासारखं काळं झालं. मग टाकीत झाकणभर सतरा नंबर ओतला, अर्धा तास गाडी फिरवून आणली, दुसरं फडकं धरलं. ते राखाडी झालं. नुसतं राखाडी. पाक सुक्मानांनी ते फडकं माझ्या हातातून घेतलं, उन्हात धरून पाहिलं आणि विविनच्या डोक्यावर हात ठेवला. ते कोणाला असा हात लावणारे गृहस्थ नव्हते.

हे एक्क्याण्णव साल. पेटंट झालं, दोघांच्या नावावर. बक्षीस मिळालं. दोन फडकी दोन हातांत धरून उभ्या असलेल्या विविनचा फोटो वर्तमानपत्रात आला. एका कंपनीने ते औषध बाटलीत भरून विकायला काढलं. नाव ठेवलं बेनिंग, म्हणजे नितळ. बाटलीवर तोच फोटो, छोटा करून. आबाह आणि त्यांच्यासारखे पाला गोळा करणारे लोक खूश, कारण पाल्याला भाव आला. आबाह त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत एक रिकामी बाटली त्यांनी खिडकीत ठेवली होती.

पुढची दहा वर्षं चांगली गेली म्हणायची. त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर आआंगच उत्तर द्यायचा, "तेहचं लग्न पाल्याशी झालंय, नवरा दरवर्षी गळतो."

दोन हजार दोनमध्ये परदेशी मदतीतून आमच्या संस्थेत गाड्यांचा धूर मोजायची प्रयोगशाळा आली. जमिनीत बसवलेले मोठे रूळ, त्यावर गाडी चढवायची, चाकं फिरतात पण गाडी जागेवरच राहते. धुराड्याला जाड नळी लावून सगळा धूर आत घ्यायचा. संस्थेत कोणाला त्यातलं काही येत नव्हतं. बू विविननी स्वतः होऊन ती जबाबदारी मागितली. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनीसारख्या वही घेऊन शिकायला बसल्या, आणि मला काचेच्या टेबलावरून ओढून तिकडे नेलं.

त्यांचा हेतू साधा होता. फडक्याने मोजलेलं आता यंत्राने मोजायचं. बेनिंग किती चांगलं आहे ते आकड्यात मांडायचं, म्हणजे ते देशभर जाईल. पहिली गाडी अर्थातच आआंगची.

धुरातले वायू पकडायला बोटाएवढ्या नळ्या असतात. त्यांत भुकटी असते, धूर त्यातून ओढून घ्यायचा. काही विशिष्ट वायू असले की भुकटी पिवळी पडते. मग ती धुऊन, ते पाणी दुसऱ्या यंत्रात घालून, नक्की कोणता वायू किती ते कळतं. साध्या डिझेलची नळी फिकट पिवळी आली. बेनिंग घातलेल्या डिझेलची गडद नारिंगी.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," त्या म्हणाल्या.

"चिठ्ठ्या मी स्वतः लावल्यात, बू."

"मग पुन्हा करू."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी मला सगळी काच आम्लाने धुवायला लावली. नवीन डिझेल आणलं, दुसऱ्या पंपावरून आणलं. बेनिंगच्या बाटल्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या, शेवटी कपाटातून स्वतः बनवलेला जुना सतरा नंबर काढला. तीन महिने हेच चाललं. काळा धूर दर वेळी निम्म्यावर यायचा. पण फॉर्मॅल्डिहाइड, म्हणजे मढी टिकवायला जे फॉर्मलीन वापरतात त्याचाच वायू, दर वेळी दुपटीच्या वर. आणि काजळी गेली नव्हतीच. तिचे कण इतके बारीक झाले होते की फडक्यावर आणि डोळ्यांना दिसेनासे झाले होते. असे कण नाकात अडकत नाहीत, सरळ छातीच्या तळाशी जातात.

एका दुपारी जुम्म्याच्या नमाजाहून मी परत आलो तर त्या कागद पुढे पसरून बसल्या होत्या. जेवणाचं केळीच्या पानाचं पुडकं तसंच बांधलेलं.

"कांग," त्या म्हणाल्या, "चूक सापडली."

मला बरं वाटलं. "कुठे होती?"

"एक्क्याण्णवमध्ये. आपण फडक्याला विचारलं, किती काळं झालास. दुसरं काही विचारलंच नाही."

त्या आठवड्यात आम्ही पाक सुक्मानांकडे गेलो. ते निवृत्त होऊन शहराच्या वरच्या थंड भागात राहत होते, कंपनीचे सल्लागार होते. बायकोने बाजिगुर आणला, नारळाच्या दुधातला गरम गोड. त्यांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले. वाचताना त्यांचा चेहरा बदलला नाही, त्यामुळेच मला कळलं की त्यांना सगळं समजलं आहे.

"एक गाडी," ते म्हणाले. "एक ड्रायव्हर. तोही तुझा भाऊ. याला तू विज्ञान म्हणतेस, नेंग?" नेंग म्हणजे बाळ. पंचेचाळिशीला आलेल्या बाईला ते अजून नेंग म्हणायचे.

"म्हणून तर आले, पाक. आणखी गाड्या तपासते. तोवर विक्री थांबवायला सांगा."

"काळा धूर कमी झाला की नाही?"

"झाला."

"आपण काय सांगितलं होतं लोकांना?"

"काळा धूर कमी होईल."

"मग खोटं काय बोललो आपण?"

पाक सुक्माना उठले, कागद नीट एकावर एक जुळवले आणि बू विविनच्या हातात दिले. "तू हुशार होतीस," ते म्हणाले. "हुशार माणसाला कुठे थांबायचं ते कळायला हवं. तुझ्या गावात पाला कोण गोळा करतं आता? त्यांना जाऊन सांग."

परतीच्या उतारावर त्या एकच वाक्य बोलल्या. "होतीस म्हणाले."

आणखी गाड्या म्हणजे अडतीस गाड्या झाल्या आणि तीन वर्षं गेली. कंपनीच्या ओळखीने कोणी संस्थेत शब्द टाकला, मग आमच्या रसायनांच्या मागण्या टेबलावरून टेबलावर फिरायला लागल्या. गाड्या मात्र आआंगने मिळवून दिल्या. थांब्यावरच्या एकेका ड्रायव्हरला तो चहा पाजून, गळ घालून आणायचा. ते यायचे, रुळांवर चढवलेली गाडी बघायचे आणि सुरू व्हायचे.

"तेह, एवढी पळवतोय, सुमेदांग आलं का?"

"आलं, उतरा."

"इथे तर टोफू मिळत नाही, हे कसलं सुमेदांग?"

त्याच सुमारास टोफूत फॉर्मलीन घालतात अशी आवई उठली होती, लोकांनी टोफू खायचा सोडला होता. आआंगने ते ऐकून मान हलवली. "टोफूत सापडलं तर टोफू टाकून देता येतो," तो नळ्यांकडे बघत म्हणाला. "श्वास कुठे टाकायचा?" मग स्वतःच हसला आणि खोकला.

दोन हजार सहामध्ये अहवाल पूर्ण झाला. अडतीसपैकी छत्तीस गाड्यांत तेच चित्र. त्यांनी तो जकार्ताच्या संबंधित कचेरीला पाठवला, स्वतःच्या पेटंटचा क्रमांक पहिल्या पानावर घालून, खाली वाक्य लिहून, की या पदार्थाची शिफारस मी केली होती, ती मी मागे घेते. सात महिन्यांनी उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. गाड्यांच्या धुराचे नियम ज्या तक्त्यात आहेत त्यात या वायूचा रकाना नाही. ज्याला मर्यादा नाही त्याने मर्यादा ओलांडली असं म्हणता येत नाही. आपल्या कष्टांबद्दल आभार.

ते पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "यात एकही चूक नाही."

खरी गंमत पुढे होती, तिला गंमत म्हणायचं असेल तर. गाड्यांची सक्तीची तपासणी कडक झाली. तपासणीत फक्त धुराचा काळेपणा मोजायचे. मग तपासणी केंद्रांच्या फाटकाबाहेर टपऱ्यांवर बेनिंग विकलं जाऊ लागलं. ड्रायव्हर त्याला परीक्षेचं औषध म्हणायचे. इंजिन दुरुस्त करायची गरज नाही, एक बाटली ओता आणि पास व्हा. एरवी झाकणभर पुरायचं, तिथे अख्खी बाटली. ज्या मोडक्या गाड्या रस्त्यावरून निघायला हव्या होत्या त्या बू विविनच्या सतरा नंबरवर वर्षानुवर्षं चालत राहिल्या.

आआंगही ओतायचा. त्यांना ते कळलं तेव्हा मी तिथेच होतो.

"तुला सगळं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या समोर मोजलं."

"माहीत आहे, तेह."

"मग?"

"मग पास कसा होऊ? इंजिन उघडायचं तर गाडी महिनाभर दारात. पोरींची शाळा आहे. तू दुसरं काहीतरी दे, मी ते ओततो."

"दुसरं नाहीये माझ्याकडे."

"मग झालं," तो म्हणाला, आणि टोफूची टोपली उघडली. "खा, गार होतोय."

दुसरं काहीतरी शोधायला त्यांनी खरंच सुरुवात केली होती. सव्वीस नंबरपर्यंत गेल्या. त्यांच्या हाताखाली दोन शिकाऊ संशोधक होते, ते जास्त पगारावर निघून गेले, त्यातला एक कंपनीत. नंतर धूर मोजायच्या यंत्राचा एक भाग गेला, तो मागवायला मंजुरी मिळाली नाही. हाताने किती करणार.

आआंगचा खोकला दोन हजार दहामध्ये वाढला. दवाखान्यात फुप्फुसाचा कर्करोग सांगितला. तो तीस वर्षं डिझेलच्या गाडीवर होता आणि तीस वर्षं दिवसाला दोन पाकिटं ओढत होता. शेवटचे काही महिने तो बहिणीच्या घरी राहायला आला, जतिनांगोरला, अगदी सुमेदांगच्या रस्त्याला लागून. मिनीबसचे हॉर्न ऐकून कोणाची गाडी ते तो ओळखायचा.

याच दिवसांत एक पत्रकार आली. तरुण, हुशार, मनाने चांगली मुलगी होती. तिला कुठूनतरी जुना अहवाल मिळाला होता आणि तिने तो नीट वाचला होता. आम्हाला पाच वर्षांत भेटलेली अशी ती पहिलीच. ती बाहेरच्या खोलीत बसली. आतल्या खोलीत आआंग उशांना टेकून पडलेला, मधलं दार उघडं.

"बू, आकडे कोणी छापणार नाही," ती म्हणाली. "मी संपादकांना विचारलंय. पण शास्त्रज्ञ बहिणीने औषध शोधलं आणि त्याच औषधाने भाऊ अंथरुणाला खिळला, हे पहिल्या पानावर येईल. मग आकडेही सोबत जातील. मग त्यांना विक्री थांबवावी लागेल. तुम्ही फक्त एवढं म्हणा."

"त्या औषधाने त्याला हे झालं?"

"हो."

"मला ते माहीत नाही."

"पण होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं. सिगारेटने होऊ शकतं. साध्या डिझेलने होऊ शकतं. काहीच नसताना होऊ शकतं. एका माणसावरून सांगता येत नाही, बाई. शंभर माणसांवरूनही येत नाही."

आतून आआंगचा आवाज आला. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी बोलला. "तेह. म्हण ना. माझी हरकत नाही."

त्या उठून मधल्या दारापाशी गेल्या.

"माझं नाव घाल. फोटो घाल. मला काय करायचंय आता त्याचं."

"आआंग, मला माहीत नाही ते मी कसं म्हणू?"

"थोडंसं म्हण," तो म्हणाला.

पत्रकार माझ्याकडे बघायला लागली, मी काही बोलेन म्हणून. मी पायांकडे पाहिलं. बू विविननी पुन्हा अहवाल उघडला आणि अडतीस गाड्यांचा तक्ता तिला पहिल्या ओळीपासून समजावून सांगायला लागल्या. ती मुलगी तासभर ऐकत राहिली, लिहून घेत राहिली. बातमी आली नाही.

त्या संध्याकाळी फाटकापर्यंत त्या मला सोडायला आल्या तेव्हा मी भांडलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"एक वाक्य होतं, बू. एवढी माणसं श्वास घेतायत त्याच्यापुढे एक वाक्य."

"पाक सुक्मानांनी तेच केलं होतं, कांग. एकच वाक्य. तेही खोटं नव्हतं."

"हे वेगळं आहे."

"कसं वेगळं ते सांगा."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. पण मी त्यांच्या जागी असतो तर म्हटलं असतं, आणि हे मी त्यांना तिथेच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मला राग येत नाहीये तुमचा." रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एकीच्याही मागे काळा धूर नव्हता.

आआंग सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. मातीला पन्नासेक मिनीबसवाले आले होते. परत जाताना बू विविन त्यांच्यातल्या वयस्कर एकाला, खोकताना पाहून, डॉक्टरला दाखवा म्हणाल्या. तो म्हणाला, दाखवतो, गाडीच्या तपासणीची तारीख होऊ दे.

पाक सुक्माना त्यानंतर वर्षभराने वारले. अंत्यविधीला कंपनीने भला मोठा फुलांचा फलक पाठवला होता. बू विविन मागच्या रांगेत बसल्या. पाकांच्या बायकोने त्यांना आत बोलावलं आणि एक पाकीट दिलं. दोन हजार सहाच्या अहवालाची प्रत होती. समासात पाकांच्या बारीक अक्षरात आकडेमोड. त्यांनी सगळे हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिले होते आणि प्रत्येक पानाखाली बरोबर अशी खूण केली होती. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बू विविननी ती प्रत घरी आणली आणि कपाटात ठेवली. मला वाटलं होतं त्यांना समाधान वाटेल. त्या आठवडाभर कामावर आल्या नाहीत.

दोन हजार अठरात त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. रुळांवर फळ्या टाकून आता तिथे जुन्या खुर्च्या ठेवतात.

दुसऱ्याच वर्षी हनोईहून पत्र आलं. थुय नावाच्या एका संशोधक बाईचं. तिथल्या बसगाड्यांत असंच एक औषध वापरायला सुरुवात होणार होती, आणि शोधता शोधता तिला जगात एकच अभ्यास सापडला होता, अडतीस गाड्यांचा. मूळ नोंदी मिळतील का, असं तिने विचारलं होतं. तेरा वर्षांत कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. मूळ नोंदी कॉम्प्युटरच्या ज्या चकत्यांवर साठवल्या होत्या त्या वाचणारं यंत्र आता कुठेच नव्हतं. पण बू विविनच्या वह्या होत्या. मी तोवर निवृत्त झालो होतो. रोज सकाळी बसने जतिनांगोरला जायचो. त्या वाचायच्या, मी नातवाच्या कॉम्प्युटरवर आकडे टाकायचो. साठीच्या पुढची दोन माणसं, दोघांनाही चष्मा. दुपारी सुराबी मागवायचो, तांदळाच्या पिठाचं ते जाड घावन, आणि चुका तपासायचो. त्या दिवसांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. तीन आठवडे लागले.

थुयचं भरभरून आभाराचं उत्तर आलं. ती हे सगळं त्यांच्या समितीपुढे ठेवणार होती. मग साथीचं वर्ष आलं, सगळं बंद. मग तिचं दोन ओळींचं पत्र, की समितीची बैठक झाली, औषध स्वीकारलं, काळा धूर बराच कमी होतो आहे, आणि तिची बदली दुसऱ्या विभागात झाली आहे. तिला वाईट वाटत असल्याचं तिने लिहिलं होतं.

बू विविननी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तिथे फडकं धरलं असेल का हो कोणी?"

मी म्हटलं, असेल.

आता त्या अडुसष्टच्या जवळ आहेत. गुडघे गेलेत. पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे बेनिंगसारखी चार-पाच औषधं आता बाजारात आहेत, कोणाच्याच बाटलीवर त्यांचा फोटो नाही. गावात आबाहचं पिंप भंगारात गेलं तरी पाल्याला अजून भाव आहे, आणि त्यांची चुलत भावंडं ईदला भेटायला येतात तेव्हा ताईमुळे आमचं घर उभं राहिलं असं म्हणतात. त्या मान हलवतात. महिन्यातून एकदा मी जातो. खिडक्या रस्त्याच्या बाजूच्या, त्या नेहमी बंद असतात. मागच्या खेपेला मी विचारलं, घर बदलून वर डोंगरात का नाही जात, हवा चांगली आहे.

"आआंगच्या धाकटीची शाळा इथे आहे," त्या म्हणाल्या. भावाची ती मुलगी आता शाळेत शिकवते, त्यांच्याजवळच राहते. "आणि ती दारातून मिनीबस पकडते, पाच मिनिटांत पोचते."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, आणि आम्ही तिची वाट बघत बसलो.